पेटीतली पैठणी आणि तिसरा बोअर

आदरणीय बाई, सलाम.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४६. लग्न केलं नाही. वडील गेले तेव्हा मी घरात सगळ्यात मोठी. २००७ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना ३,००० रुपयांवर. त्यातले २,००० घरी जायचे. दोन भावांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, गावाकडच्या घराची दुरुस्ती, सगळं माझ्याच पगारातून झालं. आई माझ्याजवळ असते.

गेल्या डिसेंबरात महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मोठं घ्यावंसं वाटलं. पैठणला जाऊन १८,००० ची पैठणी घेतली. त्याच आठवड्यात धाकट्या भावाने वावरात तिसरा बोअर घ्यायला ६०,००० मागितले. आधीच्या दोन्ही बोअरचे पैसे मीच दिले होते, दोन्ही कोरडे गेले. मी पहिल्यांदाच नाही म्हणाले. नाताळच्या जेवणाला सगळ्यांसमोर तो बोलला, “चर्चात पुढं बसून गाणी म्हणतीस, अन् भावाच्या वावराला पाणी नको? स्वतःचा नाकार करून वधस्तंभ उचलायचा असतो म्हणं.” आई काही न बोलता ताटावरून उठली.

साडीचं बिल मी फाडून टाकलं. पैठणी पेटीत चादरींच्या खाली आहे. आईलाही दाखवलेली नाही. नाताळ गेला, ईस्टर गेला, नेसले नाही. प्रायश्चित्त म्हणून लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात, चहा सोडला, तर डोकं दुखून वर्गातल्या लेकरांवर आणि आईवर ओरडत राहिले. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक विधवा आजी आहेत, त्यांना काचबिंदू आहे. त्यांना मी परभणीला तपासणीला नेत असे. ईस्टरपासून गेले नाही. सुट्टी मिळत नाही असं सांगते. खरं म्हणजे मनात येतं, दर वेळी मीच का?

ख्रिस्ती माणसाने स्वतःसाठी काही घ्यावं का? घेतलं तर मन का खातं? मी स्वार्थी झाले आहे का?

– एक बहीण

ताई, सलाम.

साडी, बोअर, चहा आणि त्या आजी, चार गोष्टी तुम्ही एका दमात लिहिल्यात. तुमचं मन साडीपाशी अडकलंय. मी आजींपाशी अडकले. तिकडे येतेच, पण आधी बोअरचं बोलू, कारण भावाच्या त्या वाक्याने बाकीचं सगळं ढवळून निघालंय.

६० हजार नाकारले हा स्वार्थ नव्हता. तुमचं मन राखायला म्हणत नाही. आपला बहुतेक मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलाय. या दगडात पाणी सगळीकडे साठत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत जेवढं मुरेल तेवढंच. भेग लागली तर पाणी, नाही तर चारशे फूट खाली जाऊनही नुसता धुरळा. जिथे दोन बोअर कोरडे गेले तिथे तिसरा घ्यायच्या आधी जाणत्या माणसाने जमीन बघायला हवी. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा केला म्हणून मशीन बोलवायची, हे किती घरांनी केलं आणि किती घरं त्यात बुडाली ते तुम्ही गावात पाहिलंच असेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणून सरकारी खातं आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय असतं, भूवैज्ञानिक असतात. भावाला घेऊन तिथे जा. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. त्याच्या जमिनीला शेततळं परवडेल का आणि आत्ता कोणतं अनुदान चालू आहे, हे कृषी सहायकाला विचारा. पैशाला नाही म्हणालात म्हणजे भावाला नाही म्हणालात असं होत नाही. फक्त ते त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं, आणि बहुतेक ते अजून मिळालेलं नाही.

त्याच्या बाजूनेही एक शब्द टाकते. सोयाबीन घरात येईपर्यंत पाऊस, आणि घरात आलं की भाव, या दोन भीतींत तो वर्षभर जगतो. पगारदार बहिणीकडे बघताना त्याला तुमची ३,००० रुपयांची वर्षं आठवत नाहीत, एक तारखेचा पगार दिसतो. तो बोलला ते चुकीचंच बोलला, सगळ्यांसमोर बोलला हे तर फारच वाईट. पण त्या बोलण्याच्या तळाशी कोरडं वावर आहे. तेवढं लक्षात ठेवून त्याच्याशी बोला.

आता त्याने तोंडावर फेकलेलं वचन. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, तेविसाव्या वचनात आहे ते. त्याच्या आधीचं वचन काढून वाचा. तिथे येशू सांगतो की, मला पुष्कळ दुःख सोसावं लागेल, मला जिवे मारतील. आधी तो स्वतःचं सांगतो आणि मगच म्हणतो, ज्याला माझ्यामागे यायचं असेल त्याने स्वतःला नाकारावं आणि दररोज आपला वधस्तंभ उचलावा. ज्याला यायचं असेल त्याने. आपला वधस्तंभ. बहिणीच्या खांद्यावर तो ठेवून वरून वचन ऐकवायची मुभा त्यात कुणालाच दिलेली नाही. मंडळीत हे फार होतं, ताई, आणि बायकांच्या बाबतीत जास्त होतं. महिला मंडळाचा स्वयंपाक, आजारी माणसाची रात्र, म्हातारी आई, लग्न न झालेली मुलगी घरात असली की सगळं तिच्या वाट्याला, आणि वर “देव तुला याचं फळ देईल.” फळ देव देईलच. पण म्हणून इतरांनी हात धुऊन मोकळं व्हायचं का?

यरुशलेमेतल्या गरिबांसाठी प्रेषित पौल करिंथकरांकडे, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीकडे, वर्गणी मागतो, तेव्हा दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो स्पष्ट लिहितो की, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं, असा माझा हेतू नाही. आज तुमच्या भरपूर असण्यातून त्यांची गरज भागावी आणि उद्या त्यांच्या भरपूर असण्यातून तुमची भागावी, बरोबरी राहावी, एवढंच त्याला हवंय. दानाच्या रविवारी नववा अध्याय हमखास काढला जातो, संतोषाने देणाऱ्याचं वचन त्यातच आहे. त्याच्या आधीचं हे कुणी वाचून दाखवलेलं माझ्या फारसं ऐकण्यात नाही. तुमच्या घरात गेली कित्येक वर्षं पैसा एकाच दिशेने वाहतोय. दोन भाऊ कमावते झाले, तरी आईच्या औषधाचं बिल कोण भरतं? पत्रात लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. पुढचं थोडं जड जाईल.

हल्ली मोबाइल उघडला की कोणी ना कोणी सांगत असतं, आधी स्वतःवर प्रेम करा, मग जगाचं बघा. मला ते पटत नाही आणि तुम्हीही त्याच्या नादी लागू नका. लूकमधलं ते वचन भावाने वापरलं म्हणून ते रद्द होत नाही. ते तुमच्यासाठी आहे, माझ्यासाठी आहे, रोजच्यासाठी आहे. नाकारायचं असतं ते काय, एवढंच नीट पाहायला हवं. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की, प्रत्येकाने आपलंच हित पाहू नये, दुसऱ्यांचंही पाहावं. म्हणजे आपलं हित पाहिलं जाणार हे त्याने धरूनच ठेवलंय. फक्त ते तिथेच थांबू नये.

तुमचं पत्र वाचताना मला लूकच्या पंधराव्या अध्यायातला मोठा मुलगा सारखा आठवत होता. धाकटा उधळ्या, वाटणीचा पैसा उडवून घरी परतलेला आणि बापाने ज्याच्यासाठी मेजवानी घातली तो, आपण सगळे ओळखतो, त्याच्यावर प्रवचनंही भरपूर होतात. मोठ्याकडे कोणी फारसं बघत नाही. तो दिवसभर शेतात राबून घरी येतो, आतून वाद्यांचा आणि नाचण्याचा आवाज ऐकतो, आणि दारातच थांबतो. बापाला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, पण मित्रांबरोबर आनंद करायला मला कधी एक करडूही दिलं नाही. त्याच्या राबण्यात खोट नव्हती. बापही तसं म्हणत नाही. बाप म्हणतो, बाळा, तू कायम माझ्याजवळ आहेस, जे माझं ते सगळं तुझंच आहे.

करडू मागितलं असतं तर मिळालं असतं! त्याने कधी मागितलंच नाही. तो स्वतःला मुलगा समजायचं विसरला आणि घरातला गडी समजू लागला. आणि गड्यासारखं जगता जगता त्याच्या मनात एक वही तयार झाली. मी किती केलं, त्याने किती उडवलं. धाकटा परत आला त्या दिवशी ती वही उघडली.

तुमची वही डिसेंबरात उघडली, ताई. “दर वेळी मीच का?” हे त्यातलं पहिलं पान. ते तुमच्या मनात आलं यात नवल नाही. रोज उपसून विहिरीला पाझरायला वेळच दिला नाही तर एक दिवस पोहऱ्यातून गाळच वर येतो. पण तो गाळ कुणाच्या अंगावर गेला ते बघा. भावावर गेला नाही, त्याच्याशी तुम्ही अजून धड बोललाही नाहीत. तो गेला वर्गातल्या लेकरांवर, आईवर आणि त्या आजींवर. जे उलट बोलू शकत नाहीत, त्यांच्यावरच.

म्हणून म्हटलं की मी आजींपाशी अडकले. तुम्ही विचारलंत, मी स्वार्थी झाले का. साडीच्या बाबतीत माझं उत्तर नाही असं आहे, बोअरच्या बाबतीतही नाही. आजींच्या बाबतीत मात्र हो. भावाने मागितलेला पैसा ही त्याची मागणी होती. आजींची ती गरज आहे. तुमच्याकडून वर्षानुवर्षं जास्त घेणाऱ्यांचा राग, ज्यांनी तुमच्याकडून सर्वांत कमी घेतलं त्यांच्यावर निघाला. शिवाय सुट्टी मिळत नाही हे खोटं सांगावं लागतंय. काचबिंदूचं तुम्हाला ठाऊक असेलच. तो बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, नजर हळूहळू कडेने कमी होत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब चुकले, डोळ्यांचा दाब तपासायचा राहिला, तर त्यांना कळायच्या आत नुकसान झालेलं असेल. या आठवड्यात त्यांना फोन करा. खरं काय ते सांगा, थकले होते, रागावले होते, तुमच्यावर नव्हे. तपासणीची तारीख ठरवा. आणि त्याच रविवारी पाळकांना भेटून सांगा की पुढच्या तपासणीला दुसऱ्या कोणीतरी न्यायचंय. तरुण संघात चार मोटरसायकली आहेत की! पौल गलतीकरांस लिहितो, एकमेकांची ओझी वाहा. एकमेकांची, म्हणजे सगळी तुम्हीच नव्हे. पण दुसरं कोणी उभं राहीपर्यंत तुम्ही जा. इथे मला तो नाकार दिसतो, जो खरोखर करायचा असतो. “मीच का” हे म्हणण्याचा तुमचा हक्क तिथे सोडायचा.

विश्रांतीबद्दलही सांगते, कारण तुम्हाला ती हवी आहे आणि मागायची लाज वाटतेय. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य सेवेवरून परत येतात. इतकी माणसं येत-जात असतात की त्यांना जेवायलाही सवड नसते. येशू त्यांना म्हणतो, चला, एकांतात, थोडा विसावा घ्या. हे तो स्वतः सुचवतो, त्यांनी मागायच्या आधी. तारू करून निघतात, तर लोक किनाऱ्याने धावत आधीच तिथे पोचलेले. त्याला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवतो, पाच हजारांना जेवू घालतो. विसावा मोडला. पुष्कळ जण हे इथेच सोडतात आणि म्हणतात, बघा, सेवकाला विश्रांती नसते. पण अध्याय पुढे आहे. जेवणं झाल्यावर तो शिष्यांना तारवात बसवून पुढे लावून देतो, लोकांना निरोप देतो, आणि एकटाच डोंगरावर जातो. आलेल्या गरजेला त्याने वाट करून दिली आणि मोडलेला एकांत त्याच रात्री परतही घेतला. त्या लोकसमुदायात अजून आजारी कोणी नव्हतं असं थोडंच आहे? तरी त्याने त्यांना घरी पाठवलं. मला हा अख्खा अध्याय फार मोलाचा वाटतो, कारण यात तिन्ही गोष्टी एकाच दिवसात आहेत आणि येशूच्या मनात एकीबद्दलही खंत दिसत नाही.

चहाचं थोडक्यात. रोजचा चहा एकदम तोडला की काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. ते शरीराचं काम आहे, त्यात पाप शोधू नका. पण तुम्ही तो उपवास साडीचा दंड म्हणून धरलात, तिथे बिनसलं. दंड ख्रिस्ताने भरून टाकलाय, हे आपण दर प्रभुभोजनाला म्हणतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव उपास करणाऱ्यांवर रागावतो तो याचसाठी, तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी भांडता, मारता. त्याला हवा असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतलं देणं. पुढच्या लेंटमध्ये काही सोडायचंच असलं तर असं सोडा की ज्यातून कुणाला तरी काही मिळेल. आणि रविवारी सोडू नका. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजून बघा, ४६ दिवस भरतात. चाळीस म्हणतात ते मधले सहा रविवार वगळून, कारण रविवार पुनरुत्थानाचा. इतक्या कडक काळातही मंडळीने दर आठवड्याला आनंदाचा एक दिवस राखून ठेवलाय.

आणि आता साडी.

मला या जागी तुम्हाला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय दाखवायचा आहे, कारण दशांशाबद्दल तुम्ही जे ऐकत आला आहात त्यात हा भाग आला नसेल. इस्राएली माणसाने शेतीच्या उत्पन्नाचा दशांश काढायचा. देवाने निवडलेली जागा लांब असली तर तो विकून पैसे गाठीला बांधायचे, तिथे जायचं, आणि मन जे इच्छील ते विकत घ्यायचं. बैल, मेंढरं, द्राक्षारस, जे मनाला येईल ते. आणि देवासमोर, घरच्यांसह, खाऊन-पिऊन आनंद करायचा. ही सवलत म्हणून सांगितलेली नाही, आज्ञा आहे. त्याच दमात म्हटलंय की तुझ्या गावातल्या लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवेतल्या, स्वतःची जमीन नसलेल्या वंशाच्या माणसाला, विसरू नकोस. आणि लगेच पुढची आज्ञा, दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. मेजवानी आणि विधवेचा वाटा एकाच पानावर आहेत, ताई. एकाचं वाचताना दुसऱ्याचं पान झाकायची गरज देवाला वाटली नाही.

आनंदाला भिणारे ख्रिस्ती तेव्हाही होते. पौल तीमथ्याला पहिल्या पत्रात लिहितो, काही जण लग्न करू नका म्हणतील, अमुक खाऊ नका म्हणतील. पण देवाने निर्माण केलेली प्रत्येक गोष्ट चांगली आहे आणि उपकारस्तुती करून घेतली तर काही टाकून द्यायचं कारण नाही. चौथ्या शतकात, आज जो तुर्कस्तान आहे त्या मुलखात, गांग्रा नावाच्या गावी बिशपांची सभा भरली होती. अतिविरक्तीचं वारं सुटलं होतं त्याबद्दल. त्या सभेने वैराग्य वाईट ठरवलं नाही. पण जाडंभरडं पांघरून, भक्तिभावाने नेहमीचे चांगले कपडे घालणाऱ्यांना जो तुच्छ लेखील, त्याला तिने दोषी ठरवलं. रविवारी उपास करणाऱ्यांनाही. आणि जालन्याच्या बाजूला आपल्या मंडळ्यांमध्ये स्कॉटिश मिशनची परंपरा आहे, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जिथे बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तिथली. त्या स्कॉटिश लोकांना सगळे फार कडक समजतात. त्यांच्याच प्रश्नोत्तरीत, १६४७ सालच्या, पहिलाच प्रश्न आहे की माणसाचं मुख्य प्रयोजन काय, आणि उत्तर आहे, देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणं.

एक सावधगिरी मात्र. कुणीतरी तुम्हाला बेथानीतल्या बाईचा दाखला देईल, तिने तीनशे दिनारांचं सुगंधी तेल ओतलं आणि येशूने तिची बाजू घेतली. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई. पण तिने ते येशूच्या मस्तकावर ओतलं, स्वतःच्या नव्हे. साडीच्या समर्थनाला तो दाखला वापरू नका. साडीला त्याची गरजही नाही.

तुमची पैठणी थकबाकीच्या, तुमच्या कष्टाच्या पैशातून आली. कुणाची मजुरी बुडवलेली नाही, कर्ज काढलेलं नाही, दशांश थांबवलेला नाही, आईचं औषध थांबलेलं नाही. मागावर बसून ती विणणाऱ्याचं घर चाललं. हाताने विणलेली असेल तर पदर उलटून बघा, मोराचे रंग आतल्या बाजूनेही तितकेच स्वच्छ दिसतील, धागे लोंबत नसतील. कुणीतरी दिवसचे दिवस डोळे घालून हे केलंय आणि तुम्ही ते चादरींखाली दाबून ठेवलंय. रेशीम घडीवर फार दिवस तसंच राहिलं की घडीवर चिरतं. निदान घडी तरी बदला.

मन का खातं, असं विचारलंत. मला वाटतं, साडी घेतली म्हणून नाही, लपवली म्हणून. बिल फाडलं, आईला दाखवली नाही, आणि मग स्वतःलाच शिक्षा देत बसलात. ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत देवाचे आभार मानता येतात ती लपवावी लागत नाही. आईला आज दाखवा. किंमत विचारली तर खरी सांगा. ती नाताळला ताटावरून उठली ते तुमच्यावर रागावून, असं तुम्ही धरून चाललात. मला तसं वाटत नाही. मुलीच्या अठरा वर्षांच्या पगारावर घर उभं राहिलेलं पाहिलेली आई, मुलाच्या तोंडून ते वाक्य ऐकून बसून राहू शकली नाही, असंही असेल. तिला विचारा ना. डिसेंबरपासून तुम्ही दोघी एका घरात राहून या विषयावर एक अक्षर बोललेल्या नाहीत.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ती नेसून चर्चला जा. नेहमीच्या जागी, पुढे बसा. कुणी म्हणालं, बाई, आज काय विशेष, तर सांगा, देवाने दिली. एखाद्या गरीब मुलीचं लग्न ठरलं आणि तिला एक दिवस हवी असली तर द्या.

पैशाचं एक राहिलं. तुम्ही २००७ साली लागलात, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर. जुनी पेन्शन ज्यांना आपोआप आहे त्या शिक्षकांत तुम्ही बसत नाही. लेकरं नाहीत, आणि ५८ व्या वर्षी निवृत्ती, म्हणजे बारा वर्षं हातात आहेत. आपल्या म्हातारपणाची सोय करणं हा अविश्वास नाही. पौल थेस्सलनीकेत रात्रंदिवस काम करत असे तो कुणावर भार पडू नये म्हणून, हे त्याने स्वतः लिहिलंय. भावाला मदत करायची ती दर महिन्याला एक ठरलेली रक्कम म्हणून करा, जमेल तेवढी, आणि त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर वेळी मागणं आणि दर वेळी मन मारणं दोन्ही थांबेल. आईच्या खर्चात दोघा भावांचा वाटा मागा. पहिल्यांदा मागाल तेव्हा घरात आवाज चढेल. चढू द्या. तुम्ही शांतपणे, हिशेब कागदावर लिहून मागा, जुन्या वर्षांचा नव्हे, या महिन्यापासूनचा.

आणि पंचायत समितीत जाऊन तुमच्या नव्या पेन्शनच्या खात्याचा हिशेब मागून घ्या. पगारातून दर महिन्याला किती कापलं आणि खात्यात किती जमा झालं, हे पावतीवर बघा. आधीच्या काही वर्षांच्या नोंदी जुळत नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.